कच्च्या मातीची चकती

पांढरी साडी नेसून, अष्टशील म्हणजे दिवसभराची आठ व्रतं घेऊन सिंहली खेड्यातली एमलिन नोना पौर्णिमेला विहाराच्या ध्यानशाळेत बसली, की घटकाभरातच तिच्या छातीत मांजर घुरघुरू लागे. चाळीस वर्षं भट्टीचा धूर प्यायलेली कुंभारणीची छाती ती! श्वासाकडे लक्ष दिलं की तो बिथरे, तो बिथरला की एमलिन घाबरे, आणि दम्याचा पंप हातात घेऊन बाहेर पळे.

"घरीच बसत जा गं," शील घेणाऱ्या बायकांची पुढारीण सिसिलिन अक्का एका पौर्णिमेला म्हणाली. "तुझ्या छातीच्या शिट्ट्यांनी आमची ध्यानं मोडतात."

"शिट्टीनं मोडतात? मग अक्का, तुमची ध्यानं भट्टीतून कच्चीच निघाली म्हणायची!"

बायका हसल्या, एमलिनही हसली. पण मनात तिनं ठरवून टाकलं, आता पुढची पौर्णिमा शेवटची. साधलं तर साधलं, नाहीतर नुसती प्रवचनं ऐकायची. आणि प्रवचन तर तिचा जीव की प्राण! भंते रतनजोती सुरात गाऊन सांगू लागले, की तिची मान आपोआप डोलायची. पण ते सूर ज्या शांततेकडे बोट दाखवतात, तिथं एकदा स्वतःच्या पायानं जाऊन यावं, एवढीच तिची आस होती.

त्याच दुपारी ती भंतेंपुढे बसली. "भंते, श्वास बघा म्हणता. पण बघायला आधी तो असायला तर हवा!"

भंते खळखळून हसले. "मग उपासकम्मा, त्याचा विसर कधी पडतो तुम्हाला?"

"चाकावर. ओली माती फिरत असली, की दुपार कधी टळली कळत नाही."

"हे मी आधीच विचारायला हवं होतं. सगळ्यांना एकच काढा पाजणारा वैद्य झालो मी! तुम्ही पृथ्वीचं ध्यान करा. पहाटेच्या रंगाची तांबूस माती घ्या, काडी-खडा वेचून काढा, सुपाएवढी चकती थापा. ती समोर ठेवून बघत राहा आणि मनात म्हणा, पठवी, पठवी; पालीत पृथ्वीच ती."

"डोळे उघडे ठेवून? चालतं असं?"

"बुद्धाच्या काळापासून चालत आलंय."

चार दिवसांनी एमलिन फडक्यात गुंडाळलेली चकती घेऊन हजर झाली. खरपूस भाजलेली, लालबुंद, काठाला कमळांची नक्षी. भंतेंनी नखानं वाजवली. टण्ण!

"ही ताटली झाली. स्वयंपाकघरात द्या, खोबऱ्याची चटणी वाढायला झकास आहे. मी माती मागितली होती."

"न भाजता कुंभारणीनं वस्तू द्यायची? गाव काय म्हणेल, भंते?"

"वस्तू कोणी मागितली? नक्षी काढलीत की डोळे शाबासकी शोधणार. माती नुसती माती राहू द्या."

पौर्णिमा उजाडली. एमलिननं नव्यानं थापलेली कच्ची चकती फळीवर टेकवली आणि कोपऱ्यात बसली. पठवी, पठवी... काठ एका जागी किंचित दबला होता. ओलं बोट फिरवलं की झालं! हात शिवशिवू लागले. तिनं ते पदराखाली दाबून धरले. असा बराच वेळ गेला, आणि मग तो काठ तिला खुपेनासा झाला.

तेवढ्यात छाती वाजू लागली.

"झालं सुरू!" मागून सिसिलिन अक्का कुजबुजली. "जा बाई, बाहेर जा."

एमलिन उठली नाही. मातीवरची नजर न काढता तिनं कमरेचा पंप काढला, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दोनदा ओढला आणि बाजूला ठेवला. जुनी भीती आली, पण तिच्याशी बोलायला कोणी रिकामं नव्हतं. छाती हळूहळू निवेपर्यंत वाजत राहिली, माती माती राहिली. हिला किती जणांनी तुडवली, किती जणांनी हिच्यावर फुलं वाहिली, ही कधी हलली का? एमलिनचे डोळे आपसूक मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही ती तांबूस चकती तशीच, स्थिर.

जेवणाची घंटा झाली. शील घेतलेल्यांनी बाराच्या आत जेवायचं, म्हणून सगळ्या लगबगीनं उठल्या. सिसिलिन अक्का दारातून मागं फिरली, एमलिनच्या शेजारी टेकली आणि चकतीकडे टक लावून बघू लागली.

"काय दिसतं गं यात?"

"माती."

"एवढंच?"

"एवढंच, अक्का. आणि पुढच्या पौर्णिमेला माझी चटई कोपऱ्यात नको, मधल्या रांगेत घाला."