गुरप्पाचे सहा दिवस

मोडी वाचणारी माणसं सोलापुरात आता फार उरली नाहीत, म्हणून भवानी पेठेतल्या वाचनालयाचा कार्यवाह हृषीकेश माझ्याकडे आला. लहानपणी तो माझ्याच हाताखाली शिकला होता. वाचनालयाच्या माळ्यावर व्हिटबी नावाच्या इंग्रज साहेबाची कागदपत्रं सापडली होती. साहेब दीडशे वर्षांपूर्वी इथल्या कचेरीत मोठा अधिकारी, शिवाय पक्ष्यांचा अभ्यासक. त्या कागदांचं प्रदर्शन भरवायचं होतं.

मी माझ्या शाळेतल्या, सातवीतल्या धम्मप्रियाला सोबत घेतलं. मी वाचायचं, तिनं तारखेप्रमाणे कागद लावायचे.

साहेबाच्या वहीत माळढोकाच्या घरट्याची नोंद होती: 'नान्नजच्या माळावर सहा दिवस पालथा पडून मी पाहिले. गुरे जवळ आली की मादी पंख पसरून आडवी उभी राहते.' त्याच वहीत सहा मोडी चिठ्ठ्या होत्या, कचेरीतल्या गुरप्पा कारकुनाच्या. तीच मादी, तीच गुरं. शिवाय एक वाक्य जास्तीचं: 'उन्हाने पाठ सोलून निघाली, पाणी संपले, तरी हललो नाही.' तेवढं साहेबानं उतरवून घेतलं नव्हतं.

धम्मप्रिया बराच वेळ कागद खालीवर करत होती. मग तिनं साहेबानं बहिणीला लिहिलेलं पत्र पुढं केलं.

"बाई, तारखा बघा की. त्या सहा दिवसांत साहेब महाबळेश्वरला हाय. थंडी वाजतेय म्हणून लिवतोय."

मी हृषीकेशला सगळं दाखवलं.

"बाई, साहेबाच्या नावानं फलक छापून झालेत. उद्या पाहुणे येणार, आणि माळढोकाचा फलक धम्मप्रियाच वाचून दाखवणार आहे."

"म्हणजे हे खोटं तिच्या तोंडून वदवायचं?"

"इतकं जुनं प्रकरण. आता कुणाला काय फरक पडतो?"

मुलांवर मी कधी आवाज चढवला नाही. तेव्हाही चढवला नाही.

"चौथीत तू दिपकच्या वहीतून गणितं उतरवली होतीस. मी तुला काय करायला लावलं होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "वर दिपकचं नाव लिहायला."

संध्याकाळी त्यानं फलकाच्या तळाशी एक पट्टी चिकटवली. बारीक अक्षरं: 'मदतनीस: गुरप्पा.'

"आता झालं ना, बाई?"

धम्मप्रियानं वाकून ती वाचली. "सर, ह्यानं मदत कुणाला केली? साहेब तर तितं नव्हताच की."

हृषीकेश माझ्याकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस? तिनं विचारलंय, तिला सांग. हा फलक उद्या ती वाचणार नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं तर मी सांगेन, चिठ्ठ्या हातात घेऊन."

थोड्या वेळानं त्यानं फलक भिंतीवरून उतरवला आणि टेबलावर पालथा घातला. मागची बाजू कोरी होती. खिशातला मार्कर त्यानं धम्मप्रियापुढं ठेवला.

तिनं वर मोठ्या अक्षरांत गुरप्पाचं नाव लिहिलं. मग जराही न थांबता साहेबानं गाळलेलं वाक्य आधी घेतलं: उन्हाने पाठ सोलून निघाली.