बदललेली थोरली

मालिकेतली थोरली सून बोलत असतानाच बायकोने टीव्ही बंद केला. मिस्त्रींनी बशीतला चहा ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला. धाकट्या दिराला थोरली दरडावून सांगत होती की हे दार उघडायचं की नाही ते मी ठरवीन, आणि ‘ठरवीन’मधला शेवटचा ‘न’ काही बाहेर पडला नाही.

“काय झालं? लाईट गेली?”

“लाईट आहे. थोरली गेली.”

“मेली?”

“मरेल कशाला? बाई बदलली. ही कुणी दुसरीच आणून उभी केलीय.”

मिस्त्रींनी चहा संपवला. घाईने बोलायची त्यांची पद्धत नव्हती. मशीन आधी ऐकायचं, मग उघडायचं.

“आत्ता बोलत होती ती थोरलीच होती,” ते म्हणाले.

“तुम्हाला काय दिसतंय?”

बोलून गेल्यावर ती उगाच कपबश्या उचलून आत गेली आणि नळ नको इतका मोठा सोडला. नऊ वर्षांत असं ती एकदाही बोलली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूने मिस्त्रींचे डोळे पुरते नेले आणि त्याच वर्षी ही मालिका सुरू झाली. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचं डोळ्यावाचून फारसं अडत नाही, असं ते स्वतःच सांगत. बोटं होती, कान होते. चाक दोनदा हाताने फिरवलं की कुठला दात झिजलाय, सुई आणि खालचा दोरा फिरवणाऱ्या शटलचा मेळ कुठे चुकलाय, ते त्यांना कळे. अडायचं ते संध्याकाळी. म्हणून साडेसातला दोघं शेजारी बसत. दिसेल ते बायकोने सांगायचं, ऐकू येईल ते मिस्त्रींनी. थोरलीने आज काय घातलंय, कुणाकडे कसं पाहिलं, दिवाणखान्यातली खुर्ची कुणी हलवली, हे तिच्याकडे. धाकटा खोटं बोलण्याआधी श्वास गिळतो, सासूच्या रडण्यात पाणी नाही, हे यांच्याकडे. अशी वाटणी होती आणि ती कधी कुणी मोडली नव्हती.

थोरलीला मिस्त्रींनी कधी पाहिलंच नव्हतं. तिचं सरळ नाक, डाव्या कानाखालचा तीळ, पाठीत पट्टी शिवल्यासारखं ताठ बसणं, सगळं बायकोने तोंडी दिलेलं. त्यांनी ते त्या आवाजावर बेतून घेतलं होतं. तीळ खरा असेल की नाही याचा त्यांना अधूनमधून संशय येई, पण बसला होता व्यवस्थित.

दुसऱ्या दिवशी खाली दुकानात ते नुसतेच मशीनवर हात ठेवून बसले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मुलगा लिफ्टच्या कंपनीत होता, वरच्या मजल्यावर त्यांच्याबरोबरच राहायचा. दुकान बंद करा असं तो दोन वर्षं म्हणत होता, पण हल्ली त्याच्या म्हणण्याला धार आली होती. गेल्या महिन्यात एक दुरुस्त केलेलं मशीन चार दिवसांत परत आलं, अजून खडखडतंय म्हणून. त्या बाईने मशीनमध्ये डोक्याचं तेल घातलं होतं. मिस्त्रींनी बोटाला लावून वास घेतला आणि तसं सांगितलंही. पण बाई नाही म्हणाली आणि मुलाने बाईचं खरं धरलं. “कानही दमतात, बाबा,” तो फार प्रेमाने म्हणाला होता. इतक्या प्रेमाने की मिस्त्रींना तेव्हाच शंका आली. पुढच्या आठवड्यात जागा बघायला कुणीतरी येणार होतं. हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. जिन्यातलं बोलणं त्यांना ऐकू आलं होतं.

आणि आता नेमकं याच वेळी थोरली बदलली म्हणे.

मिस्त्रींनी डाव मांडून पाहिला. हो, बदलली खरी, असं आपण म्हटलं, तर जे ऐकू येत नाही त्यालाही आपण मान डोलावतो असं ठरेल. नाही म्हटलं, तर सगळ्या जगाला दिसतंय ते म्हाताऱ्याला कळत नाही असं ठरेल. दोन्हीकडून कुलूप. असला फास मुलाच्या एकट्याच्या डोक्यातून निघणं शक्य नव्हतं. आईची साथ असणार. या विचाराशी मात्र ते जरा थबकले.

मग त्यांनी चौकशी लावली. दुकानात येणाऱ्या तीन शिवणकरणी मालिकेच्या जुन्या भक्त होत्या. मिस्त्रींनी तिघींना एकत्र विचारलं नाही. एकत्र विचारलं की साक्षी जुळतात.

पहिली कॉलरवाली. कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलरी शिवायची आणि बोलणंही तसंच कडक. तिने वाहिनीला पत्र पाठवलं होतं. उत्तर येईपर्यंत मालिका बघायची, पण उभ्याने, असं तिने ठरवलं होतं. दुसरी काजवाली. ती मनाने मऊ. नव्या बाईला तिने सहा महिने दिले होते. “आपलीही सून पहिल्या दिवशी कुठे आवडते, मिस्त्री?” असं म्हणून तिने स्वतःच्या सुनेबद्दल अर्धा तास सांगितलं. तिसरी गणवेशवाली. तिने सरळ सुतक धरलं होतं. साडेसात वाजले की ती गच्चीत जाऊन बसे, आणि जाताना नवरा आत मालिका बघतोय का, ते खिडकीतून बघून घेई.

तिघी एकमुखाने म्हणाल्या की बाई बदलली. पण नवीचं नाक कॉलरवालीच्या मते लांब होतं, काजवालीच्या मते बसकं, आणि गणवेशवाली म्हणाली की नाकाकडे बघायची मला इच्छाच झाली नाही. आवाजाबद्दल मात्र एकीनेही अवाक्षर काढलं नाही. मिस्त्रींनीही मुद्दाम तो विषय काढला नाही. पढवलंय यांना, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि तेही नीट नाही.

घरी साडेसात वाजत आणि टीव्ही बंद राही. बायको स्वयंपाकघरात आधीच घासलेलं परत घाशी. एक दिवस मिस्त्रींनी चाचपडत स्वतःच टीव्ही लावला आणि एकटेच ऐकत बसले. थोरलीच होती. तोच खालच्या पट्टीतला, किंचित कडेला घासून येणारा आवाज. बोलण्याआधीचा तोच क्षणभराचा थांबा. पण ती कुठे उभी आहे, कुणाकडे बघून बोलते, काहीच कळेना. पंधरा मिनिटांनी त्यांनी तो बंद केला. दारापाशी बायकोच्या बांगड्या वाजल्या.

“ऐकलीत तुमची थोरली?”

“तुझीही तीच आहे.”

“माझी गेली,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला तिचं काहीच वाटत नाही. नऊ वर्षं मी इतकं बोटभर बोटभर सांगितलं, ते कुठे गेलं?”

म्हणजे तिलाही संशय होताच. मिस्त्रींना कळलंय, पण मुद्दाम हटून बसलेत. किंवा त्याहून वाईट, नऊ वर्षं ते ऐकतच नव्हते.

शनिवारी मुलाने एक मशीन आणलं. ऑफिसातल्या एका बाईचं आहे, टाका सुटतो, तो म्हणाला. आई सहसा दुकानात उतरत नसे. आज तीही आली आणि कपाटाला टेकून उभी राहिली. मिस्त्रींनी तिचं टेकणं ऐकलं. परीक्षक दोन, त्यांनी मोजलं.

त्यांनी चाक एकदा फिरवलं. मग उलटं, सावकाश. खालची पट्टी सरकवून आत बोट घातलं, बोटाचं टोक अंगठ्यावर चोळलं.

“या मशीनला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “केलेलं आहे.”

“म्हणजे?”

“शटल दोन केसांइतकं पुढे सरकवलंय. झिजून सरकलं असतं तर घासल्याचा आवाज आला असता. हे स्क्रू ढिला करून सरकवलंय आणि परत पिळलंय. पिळणाऱ्याचा हात लिफ्टचा आहे. शिलाई मशीनला कुणी इतकं आवळत नाही.”

बायको खुसखुसली आणि लगेच खोकली. पण मुलगाही त्यांचाच होता.

“मशीन ठीक,” तो म्हणाला. “मग मालिकेतली बाई? ती तर लहान पोरालाही वेगळी दिसते. मशीनबाबत चुकत नाही म्हणून माणसाबाबत चुकत नाही असं नाही ना, बाबा. उद्या एखादीचं बोट सुईखाली गेलं आणि तुम्हाला कळलंच नाही, तर?”

पहिल्यांदाच मिस्त्रींना स्वतःचा संशय आला. कान नीट आहेत हे ज्या कानांनी ठरवायचं, ते तर तेच कान. त्यांनी हात पुसायला फडकं शोधलं. ते नेहमीच्या जागी असूनही दुसऱ्या खेपेला सापडलं.

“आई सांगेल ते करू,” मुलगा म्हणाला. “आई, तू सांग. यांचे कान ठीक आहेत असं तू छातीवर हात ठेवून म्हणालीस, तर जागेचा विषय मी पुन्हा काढणार नाही.”

कपाट जरासं करकरलं. बायको म्हणाली, “संध्याकाळी सांगते.”

संध्याकाळी मिस्त्रींनी टीव्ही स्वतः लावला आणि शेजारच्या जागेवर थाप मारली.

“मी नाही बघणार तिला,” बायको म्हणाली.

“बघू नकोस. डोळे मीट.”

“कशाला?”

“मी नऊ वर्षं बसतोय ना तसा? तू दहा मिनिटं बस.”

यात काय डाव असेल याचा विचार करायला तिने तेवढाच वेळ घेतला जेवढा ती भाजीवाल्याकडे घेई. मग बसली. मिटलेस का, हे मिस्त्रींनी विचारलं नाही. तिचा हात हातात घेतला, कारण उघड्या डोळ्यांनी तिचा हात कधीच स्वस्थ नसे. आत्ता होता.

आधी सासू बोलली, मग धाकटा, श्वास गिळून. मग तो क्षणभराचा थांबा आला आणि थोरली म्हणाली, “मी कुठेही गेले नव्हते. तुम्ही मला शोधलंच नाही.”

बायकोची बोटं त्यांच्या हातात आवळली गेली. जाहिराती लागल्या तरी हात तसाच.

“अहो,” ती शेवटी हळूच म्हणाली, “ही आहे की.”

मुलगा मागे उभा होता. त्याने फोनवर काहीतरी शोधलं आणि मग जरा ओशाळून वाचून दाखवलं. पहिली नटी दूर कुठली तरी होती, तिला ही भाषाच येत नव्हती. नऊ वर्षं ती नुसते ओठ हलवत होती. आवाज पहिल्यापासून दुसऱ्या एका बाईचा, स्टुडिओत बसून भरलेला. तोंड बदललं, आवाजवाली तीच ठेवली.

“म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर,” तो म्हणाला.

दोघांपैकी कुणालाच त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. आपण दोघं नऊ वर्षं एकाच बाईला भेटत होतो असं मिस्त्री धरून चालले होते.

“जागेचा विषय काढू नकोस,” बायकोने मुलाला सांगितलं. “कान शाबूत आहेत.” आणि मग, “त्या माणसालाही कळव. येऊ नकोस म्हणावं.” म्हणजे येणारा माणूस तिला ठाऊक होता. मिस्त्रींनी ते ऐकलं, जागच्या जागी ठेवून दिलं.

सोमवारपासून साडेसातची बैठक पुन्हा सुरू झाली. बायको पहिल्यासारखी शेजारी बसली, पहिल्यासारखं सांगू लागली. सासूने तोंड फिरवलं, थोरली खिडकीशी गेली, मान अशी वळवली की तीळ दिसला. तिचा हात त्यांच्या हातात शनिवारी होता तसाच अगदी स्वस्थ होता.

गुरुवारी थोरली दवाखान्यात होती. कुणाच्या तरी उशाशी बसून बोलत होती.

“काय घातलंय आज?” मिस्त्रींनी विचारलं.

“निळं,” बायको म्हणाली. “गळ्याशी बारीक नक्षी असते ना, तेच. तिच्या आवडीचं.”

पडद्यावर दार उघडलं. धाकटा आत आला आणि म्हणाला, “वहिनी, पांढऱ्या कपड्यांत तुला ओळखलंच नाही मी.”

श्वास गिळलेला नव्हता. धाकटा खरं बोलत होता.

मिस्त्रींच्या तळहातात बायकोची बोटं एकदम ताठ झाली आणि तशीच थांबली.

“निळं तिला पहिल्यापासून शोभतं,” मिस्त्री म्हणाले, आणि पुढचं ऐकू लागले.