मोडणाऱ्याने शेवटी उचलायचं

करणने भाकरीचे तीन तुकडे केले, ताटात मांडले आणि हात मागे घेतला. भाकर मोडणाऱ्याने आपला तुकडा शेवटी उचलायचा, हा वंदनाबाईंच्या वर्गाचा कायदा. गावात चार घरं मिळून बोकड कापतात तेव्हा वाटे घालणारा शेवटी उचलतो, तिथूनच बाईंनी तो आणला होता. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं पाटीवर विचारलं की निम्मी चौथी ‘चार मोठा’ म्हणून मोकळी व्हायची. तीच पोरं भाकर हातात आली की सोनारासारखी काटेकोर होत. भूक हिशेबात कच्ची नसते.

दर शुक्रवारी हा तास असे. आज फळ्यावर होतं : रामरावाला तीन मुलगे, एक मुलगी. भाकर म्हणजे त्याचं शेत. सारखी वाटणी करा. करण थोरला मुलगा झाला होता, दोघं त्याचे भाऊ, आणि छकुली बहीण. हे उदाहरण पुस्तकातलं नव्हतं. का घेतलं, असं कोणी विचारलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, सोपं आहे म्हणून.

दोघा भावांनी तुकडे उचलले, उरलेला करणने घेतला. छकुली भावांसाठी तांब्याभर पाणी घेऊन बाजूला उभी होती. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

प्रत्येकाला किती, बाईंनी विचारलं. एक तृतीयांश, असं सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. गणित म्हणून चूक, गाव म्हणून बरोबर.

बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले कडूबा खुदकन हसले. कडूबा हे बाईंचे थोरले भाऊ. बहिणीला मोटारसायकलवर घनसावंगीला रजिस्ट्रीला न्यायला आले होते. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद तयार होता, बाईंची सही तेवढी राहिली होती. वडील गेल्यावर तिघा भावांनी रान वाटून घेतलं, बांध घातले, एकाने मोसंबीही लावली. बहिणीपासून काही लपवलं नव्हतं. तिला विचारायचं असतं, हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सहीच्या बदल्यात दर दिवाळीला साडी, पोरीच्या लग्नात मामाचा आहेर आणि माहेरचं उघडं दार. पगार आहे, जमीन घेऊन काय करायची, असं बाई स्वतःच शेजारणींना सांगत होत्या. जरा जास्तच वेळा सांगत होत्या.

त्यांनी करणला फळ्यावरचं पुन्हा वाचायला लावलं. लेकरं किती?

“चार,” करण म्हणाला. “पण बाई, ती तर लगीन होऊन जाणार हाय न.”

“लग्नाचं लिहिलंय का कुठं?”

करणने प्रामाणिकपणे सगळा फळा पाहिला. “न्हाई.”

“मग तिला द्या.”

“आता कुठून देऊ? भाकर तर मोडून झाली.”

“बराबर बोलला पोरगा,” व्हरांड्यातून कडूबा म्हणाले.

बाई खुर्चीत बसून राहिल्या.

करणने उदार होऊन आपला अर्धा तुकडा छकुलीपुढे ठेवला. मग स्वतःचा भावांच्या तुकड्यांशेजारी धरून पाहिला आणि उदारपणा लगेच मागे घेतला. धाकट्याने कडेचा पापुद्रा देऊ केला. तो वर्गाने नामंजूर केला. शेवटी छकुलीने तांब्या खाली ठेवला आणि ताटाजवळ येऊन बसली.

“तिघंबी थोडं थोडं द्या न.”

“थोडं म्हंजी किती?” करणने विचारलं. हा प्रश्न बाईंचा. वर्षभर ऐकून पोरांच्या तोंडात बसलेला.

मग बराच वेळ तुकडे जुळवणं, मोडणं, ओढाताण चालली. कडूबा खुर्चीतून उठून दाराशी आले. अखेरीस तिघांनी आपापल्या तुकड्याचे चार भाग केले आणि एकेक छकुलीपुढे ठेवला. आता तिच्याकडे तीन, करणकडे तीन, दोघा भावांकडेही तीन तीन. छकुलीने सगळे शेजारी शेजारी लावून बघितले. बाईंनी उठून फळ्यावर एक चतुर्थांश लिहिलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं ताटाभोवतीच होती.

बाई बाहेर आल्या. गाडीच्या हँडलला साडीची पिशवी लटकत होती.

“चल वंदा, जल्दी कर. ते कचेरीतले जेवायला गेले की मंग बसावं लागतंय,” कडूबा म्हणाले.

“दादा, रानाची वाटणी कोणी केली?”

“मीच केली. का?”

“आणि पहिला तुकडा कोणी उचलला?”

कडूबांनी वर्गाकडे पाहिलं. विहिरीकडचा तुकडा त्यांचा होता.

“वंदा, बांध घालून झालेत आता. त्या पोरांसारखं काय करून राह्यली?”

“बांध राहू दे. तिघंबी थोडं थोडं द्या.” बाईंचा आवाज हजेरी घेतात तसाच होता. “किती ते तू बघितलंस.”

गावाला काय सांगू, असं काहीतरी कडूबा पुटपुटले. मग त्यांनी पिशवी हँडलवरून काढली, बहिणीकडे पाहिलं, पुन्हा हँडलला अडकवली आणि गाडीला किक मारली. आता या दिवाळीला बोलावणं येईल की नाही, याचा अंदाज बाईंना त्याच वेळी आला. हिशेबात तीही बाजू धरलीच पाहिजे.

फाट्यावरून एक रस्ता घनसावंगीला जातो, एक माहेरच्या गावाला. गाडी कुठे वळली ते बघायला बाई थांबल्या नाहीत.

वर्गात करणचे आणि दोघा भावांचे तुकडे संपले होते. छकुली मात्र तीन तुकडे पुढ्यात ठेवून बसली होती.

“बाई, खाऊ का?”

“तुझंच आहे ते,” बाई म्हणाल्या. “विचारू नको.”

छकुलीने तरी एकदा करणकडे पाहिलं. मग पहिला तुकडा तोंडात टाकला.