तालमीचा फळा

दोन हजार सातचा गणपती गेला आणि वीरभद्र हत्तरगीच्या घरचा फोन झपाटल्यागत वाजायला लागला. उचलावा, तर पलीकडं कुणीतरी पोरगं. "दानेश्वरी हाय का? एकटीच हाय काय?" आणि मागनं चारजणांचं खिदळणं. वीरभद्र शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरणारा गडी, कुणाच्या बापाला न भिणारा. पण फोनमधल्या तोंडावर थोबाडीत मारायची कशी? तो नुसता रिसीव्हर आपटायचा.

दानेश्वरी त्याची एकुलती एक लेक, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिनं केलं काय होतं? ऐका तिचा गुन्हा. ऑर्कुटवर कोल्हापूरकरांचा एक गट होता, तिथं तिनं लिहिलं, 'डॉल्बीनं आमच्या गल्लीतली तान्ही बाळं दचकून उठतात. डॉल्बी बंद करा.' बास, एवढंच. दोन दिवसांत दोनशे उत्तरं आली, आणि त्यात डॉल्बीबद्दल एक अक्षर नाही. सगळी तिच्या रंगावर, तिच्या जातीवर, तिच्या आईवर. मग कुणीतरी तिचा फोटो उचलून तिच्या नावानं खोटं खातं काढलं, खाली घरचा नंबर टाकला आणि नको नको ते लिहिलं. हात झडले कसे नाहीत मेल्यांचे!

कसबा बावड्याच्या रस्त्यावर अझीमचं नेट कॅफे होतं. दानेश्वरी तिथंच बसायची. अझीमनं सगळी पानं छापली, एकतीस झाली, आणि प्लास्टिकच्या फायलीत घालून वीरभद्रच्या पुढं ठेवली.

"काका, एकालाबी उत्तर द्यायचं न्हाई. त्यास्नी तेच पायजे असतंय. तारीख-वेळ सगळं यात हाय. सरळ पोलिसात द्यायचं. मी येतो की संगं."

पण पोलिसाची पायरी? वीरभद्रच्या सात पिढ्यांत कुणी चढलं नव्हतं. आपल्याकडं गल्लीत काही झालं की माणूस आधी तालमीत जातो. फाईल अझीमकडंच ठेवून वीरभद्र तेच करून आला. तालमीचे आणि तिच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव ऐकून उसळलेच. "आपल्या गल्लीची पोरगी म्हंजे आपली पोरगी! उद्या सकाळी बघ तू."

सकाळी बघितलं. तालमीच्या दारातला मोठा फळा, ज्यावर पास झालेल्यांचं अभिनंदन आणि मेलेल्यांना श्रद्धांजली लिहितात, त्यावर ठसठशीत अक्षरात मजकूर होता: 'आपल्या गल्लीची कन्या कु. दानेश्वरी वीरभद्र हत्तरगी हिची इंटरनेटवर अश्लील बदनामी करणाऱ्या नराधमांचा जाहीर निषेध!' भोवती लाल खडूची चौकट. वीरभद्रचा ऊर भरून आला. ह्याला म्हणतात गल्ली, असं म्हणत तो मिशीवर हात फिरवत कामावर गेला. खुळा रे खुळा!

अहो, गल्लीत कॉम्प्युटर असतील सात नाहीतर आठ. फळा मात्र अख्खा बावडा वाचतो. साखर कारखान्याला जाणारे वाचतात, डेअरीला दूध घालणाऱ्या बाया वाचतात, बसस्टॉपवरचा रिकामटेकडा तर दोनदा वाचतो. ज्यांना काडीचं ठाऊक नव्हतं ते आता विचारायला लागले, "अश्लील म्हंजे नेमकं काय वो?" पोरं अझीमकडं जाऊन म्हणाली, "ते पान दाखव की." त्यानं हाकलली, तर ती पुढच्या कॅफेत गेली. घरचा फोन दुप्पट वाजायला लागला.

डेअरीच्या रांगेत चिमणाबाई दानेश्वरीच्या आईला, चन्नम्माला, तोंडावर म्हणाली, "काय तर केलं असंल की पोरीनं. उगंच कोण कशाला लिवंल?" तिसऱ्या दिवशी नेसरीहून चन्नम्माच्या भावाचा निरोप आला: शिक्षण बास झालं, पोरीला इकडं धाडा, स्थळ बघितलंय.

"आप्पा, तेवढं पुसायला सांगा," दानेश्वरी रोज म्हणायची. "मार्चात परीक्षा हाय. मला कॉलेजात तोंड वर करून बसता येईना."

"अगं, तुझ्याच बाजूनं लिवलंय न्हवं? पुसा म्हटलं तर त्यास्नी काय वाटंल?"

आठ दिवस तो निषेध तसाच राहिला. नवव्या दिवशी सकाळी दानेश्वरीनं तो स्वतः पुसला आणि दाबून दाबून लिहिलं: 'मी दानेश्वरी हत्तरगी. डॉल्बी बंद करा असं मी लिहिलं होतं. आजही तेच म्हणते.' खडू तिथंच ठेवून ती फाईल आणायला अझीमकडं गेली.

पाच मिनिटांत वीरभद्रला बोलावणं आलं. तालमीच्या कट्ट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. हंबीरराव रागावले नव्हते, उलट हसत होते. "वीरभद्र, फळा मंडळाचा, डॉल्बीबी मंडळाचाच. आमी तुझ्यासाठी निषेध करायचा आणि तुझ्या पोरीनं आमालाच शिकवायचं व्हय? पूस ते." आणि त्यांनी ओलं फडकं पुढं केलं.

वीरभद्रच्या मनात आलं, हे फडकं ह्यांच्या तोंडावर फेकावं. पण बारा जण बघत होते, आणि उद्या ह्याच गल्लीत राहायचं होतं. त्यानं फडकं घेतलं. आधी नाव पुसलं. पोरीनं इतकं दाबून लिहिलं होतं की लवकर निघेना.

वळला तर रस्त्यापलीकडं दानेश्वरी सायकल धरून उभी होती. मागं कॅरिअरला अझीमची ती फाईल लावलेली. ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"आप्पा, त्यांनी माझं नाव लिवलं तवा आठ दिवस पुसायला आला न्हाईसा. मी माझं लिवलं, तर लगेच आलासा."

तिनं सायकलवर टांग टाकली आणि पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागली. एकटीच. थांब, मी येतो संगं, असं वीरभद्रच्या अगदी ओठावर आलं. पण हातात फडकं होतं, आणि हंबीरराव मागनं सांगत होते, "डाव्या कोपऱ्यात अजून थोडं ऱ्हायलंय बघ."