खिडकीबाहेरून शिकवलेला क्रिस्प

आमच्या शेजारच्या हार्लनने अडुसष्ट वर्षांत स्वयंपाकघरात कॉफीपलीकडे काही केलेलं नव्हतं. शनिवारी त्याच्या मुलाचा, डेलचा फोन आला. उद्या माझ्या मैत्रिणीला, मरीबेथला पहिल्यांदा घरी आणतोय, तिला गहू चालत नाही, कणभर पोटात गेला तरी आठवडाभर आडवी होते.

हार्लन निवृत्त अग्निशामक. त्याने ते ‘कणभर’ फारच मनावर घेतलं. रविवारी सकाळी स्वयंपाकघर तीनदा धुतलं, नवं भांडं आणलं आणि बायकोला, व्हर्नाला बाहेर काढलं.

“माझ्याच स्वयंपाकघरातून?”

“तुझ्या अंगावर चाळीस वर्षांचा मैदा आहे. केसांतसुद्धा असेल.”

बेत सफरचंदाच्या क्रिस्पचा होता. फोडींवर ओट, बदामाचं पीठ, साखर आणि लोणी यांचा चुरा पसरून भाजायचं, एवढंच. व्हर्ना अंगणातून, बंद खिडकीतून सांगत होती. पण आतल्या पंख्याच्या घरघरीत काही ऐकू जाईना, म्हणून तिने बोटं चोळून दाखवली. लोणी पिठात असं चोळ. हार्लनला वाटलं, चिमूटभर मीठ. त्याने टाकलं. तिने जोरजोरात मान हलवून पुन्हा बोटं चोळली. त्याने आणखी टाकलं. मी कुंपणापाशी पानं गोळा करत होते. नऊ चिमट्या मोजल्या. शेवटी तिने हताश होऊन कपाळ काचेला टेकलं. तो होकार समजून त्याने लोण्याची अख्खी वडी मधोमध ठेवली आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं.

जेवायला मलाही बोलावलं होतं. हार्लनने सगळी रिकामी पाकिटं पुराव्यासारखी टेबलावर मांडली होती. मरीबेथने एकेक वाचलं, मग घास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“समुद्राची आठवण झाली,” ती म्हणाली.

“तू समुद्राकाठची का?” हार्लन खुलला.

“नाही. समुद्र आमच्यापासून हजार मैलांवर आहे.”

तीन ग्लास पाण्यासोबत तिने वाटी संपवली. “लोकांच्या घरी मी गोड खातच नाही,” ती म्हणाली. “भीती वाटते. आज नाही वाटली.” डेलने आपला घास रुमालात लपवला होता, तो त्याने गुपचूप परत तोंडात टाकला.

भांडी विसळताना व्हर्ना म्हणाली, “मुलगी एक तर फार चांगली आहे, नाहीतर फार खोटारडी.”

“संसाराला दोन्ही लागतं,” हार्लन म्हणाला, आणि उरलेला क्रिस्प डेलच्या गाडीत नेऊन ठेवला.