'ऑर्लिया'वरचा वाढपी

'ऑर्लिया' एके काळी सहा दिवसांत अटलांटिक पार करायची. वीस वर्षांनी आता ती मोडीत निघाली होती. त्याआधी तिच्यावरचं सामान विकायला काढलं, म्हणून अख्खं लिव्हरपूल बोटीवर लोटलं होतं. कॉर्नेलियस हॅनरटीला मात्र त्याच्या लेकीनं ओढून आणलं होतं.

"बाबा, तुम्ही कुठे उभे राहायचात ते दाखवा ना," विनिफ्रेड म्हणाली.

पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात बाबांनी बारा वर्षं बड्या लोकांना वाढलं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. खरं तर ती बारा वर्षं कॉर्नेलियसनं बोटीच्या पोटात, भट्टीत कोळसा लोटण्यात काढली होती. वरच्या गालिच्यावर भट्टीवाल्यानं पाय ठेवला तर पगार कापत. एकदा थाप मारली, मग तिला जन्मभर पोसणं आलं.

तो रुबाबात निघाला खरा, पण पाय सवयीनं वळले ते लोखंडी जिन्याकडे. तो जिना थेट भट्ट्यांपाशी उतरत होता.

"इथून जेवण न्यायचात?"

"जवळचा रस्ता आहे," तो पुटपुटला.

जिन्याखाली एक म्हातारा उभा होता. "अरे कॉनी! मेल्या, जिवंत आहेस होय?"

फेलिम टियर्नी. त्याचा उजवा हात कोपरापासून मेणासारखा वितळलेला. वाफेची नळी फुटली तेव्हा त्याच हातानं त्यानं कॉर्नेलियसला बाहेर खेचलं होतं.

कॉर्नेलियसनं कॉलर सारखी केली. "आपण माणूस चुकलात," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

फेलिमनं विनिफ्रेडकडे पाहिलं, मग हळूच टोपी काढली. "चुकलो, साहेब. डोळ्यांचं काही खरं नाही आता."

पण विनिफ्रेडची नजर त्या हातावर खिळली होती. ही एकच खरी गोष्ट बाबांनी घरी सांगितली होती, स्वतःला वगळून. "अय्या, वाफेतून दोस्ताला काढणारे ते तुम्हीच? मग तो येतो का तुम्हाला भेटायला?"

"येईल की," फेलिम म्हणाला. "लाजाळू आहे बिचारा."

"लाजाळू कसला? कृतघ्न मेला! हो की नाही, बाबा?"

"हो," कॉर्नेलियस म्हणाला.