मनगटापर्यंत खिसा

आईच्या कपाटात सात सदरे होते आणि सातही सारखे. राखाडी, मातकट, पुन्हा राखाडी. गुडघ्यापर्यंत लांब, बिनकॉलरचे, डाव्या बाजूला एक मोठा खिसा. उजवीकडे काही नाही. खाली सैल पॅन्ट. तिला कुणी कितीही भारी कापड आणून दिलं तरी ते गल्लीच्या टोकाला मास्तरांकडे, म्हणजे आमच्या शिंप्यांकडे जाई आणि आठवड्याने आणखी एक तसाच सदरा होऊन परत येई.

"हिला लग्नाला बोलवा नाहीतर गोदामात, ही आपली तीच," मावशी म्हणायची.

"तुला गर्दीत शोधायला सोपी," आई म्हणायची.

आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. सगळे तिला बायंडरबाई म्हणत. मी सहा वर्षांची असताना कागद कापायच्या मशीनने तिच्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली, अंगठ्याशेजारची. घरात त्या हाताचं कुणाला काही नव्हतं. त्याच हाताने ती माझी वेणी घाली, घट्ट बसलेली झाकणं काढी, माझी पाठ खाजवी. रोज दिसणारा भिंतीवरचा डाग जसा दिसेनासा होतो, तसा तो हात माझ्यापुरता दिसेनासा झाला होता.

घराबाहेर पडली की तो हात खिशात जाई. डावा खांदा किंचित तिरका करून ती चालायची. रस्ता ओलांडताना मी कायम तिच्या उजव्या बाजूला. कॉलेजात गेल्यावर मला त्या चालीची लाज वाटायला लागली. "आई, बाप्यासारखी चालू नकोस ना," असं मी एकदा म्हणाले. "बाप्ये चांगले चालतात," ती म्हणाली. "त्यांच्या कपड्यांना खिसे असतात." पुढे मी मोठी झाले, बरीच पुस्तकं वाचली, आणि तीच चाल मला आवडायला लागली. घरातल्या प्रत्येक फोटोत ती तशीच उभी आहे, हात खिशात, हनुवटी वर. ती माझ्या आईची ऐट आहे, असं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत असे.

मी छापखान्यासाठी प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझा दिवस जातो.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातून एकच आवाज यायचा, "ब, ब". डॉक्टर म्हणाले, बोललेलंही सगळं पोचत असेलच असं नाही. आम्ही काहीही विचारलं तरी ती मान हलवायची, आणि तोच प्रश्न उलटा विचारला तरी तशीच. तेव्हा हो आणि नाही हे दोन शब्दही तिच्याकडे उरले नाहीत असं आम्ही समजलो.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न कपड्यांचा आला. डोक्यावरून घालायचे सदरे त्या लुळ्या हातावरून चढेनात. मी पुढून उघडणारे पाच गाऊन आणले, मऊ, धुवायला सोपे. खरं सांगायचं तर आणताना मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा आईचे कपडे मी निवडत होते. एक आकाशी, एक पिवळ्या फुलांचा, एक डाळिंबी. मावशी म्हणाली, "बघ बाई, शेवटी माणसात आलीस. किती उजळ दिसतेयस." आईने मावशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटावरच्या पिवळ्या फुलांकडे. सातही सदरे मी महिन्याभरात जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आले. कपाटात औषधं आणि चादरी ठेवायला जागा हवी होती.

डावा हात चालत होता. सगळ्यांचा जीव त्या हातात अडकला. व्यायाम घ्यायला एक बाई येत. त्या तिच्या तळव्यात चेंडू ठेवत आणि म्हणत, "दाबा. शाब्बास. वर करा आता, सगळ्यांना दाखवा केवढी ताकद आहे." आणि स्वतःच तिचा हात वर धरून दाखवत, शेजारपाजारचे भेटायला आलेले असले तर त्यांनाही. लोक मान डोलवत. आई हात पांघरुणाखाली घेई. आम्ही तो बाहेर काढून ठेवायचो. बाईंनी बजावलं होतं, चांगला हात मोकळा हवा, रक्त खेळतं राहिलं पाहिजे.

मग ते सुरू झालं. आई डाव्या मांडीच्या वरच्या बाजूला हात फिरवायची, थोपटायची आणि माझ्याकडे बघायची. "ब, ब."

"लागली असेल," दिवसभर तिच्या देखभालीला ठेवलेल्या ताई म्हणाल्या आणि भांडं आणलं. लागली नव्हती. मग आम्हाला वाटलं, कंबर दुखतेय. मलम चोळलं. कंबरेचा एक्स-रे काढून आणला, हाड ठणठणीत होतं. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात पेशंट एखादी हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतो, त्यात अर्थ असतोच असं नाही. त्यांचं बोलणं मला पटलं नाही, पण सोयीचं होतं. ताईंनी मात्र हार मानली नाही. त्या रोज नवं काहीतरी सुचवत. कधी गाऊनची शिवण टोचते, कधी साबण लागतो, कधी डास. "काहीतरी मागतायत हो त्या," ताई म्हणायच्या. "माणूस उगीच कशाला थोपटेल?"

एका दुपारी मी पलंगाजवळ बसून प्रुफं वाचत होते. आईचा हात कापडावरून खाली घसरत होता, बोटं जमिनीकडे, अंगठा बाहेर. तीच हालचाल, पण या वेळी मी बाजूने पाहत होते. हात कापडात शिरायची वाट शोधत होता.

खिसा.

मी इतकी खूश झाले की तिथल्या तिथे उठून उशीचा एक जुना अभ्रा कापला आणि तीन गाऊनांना डावीकडे खिसे शिवले. मला शिवता येतं असं नाही, पण टाके बसले. दुसऱ्या दिवशी आकाशी गाऊन घातल्यावर आईचा हात खाली गेला, खिशाच्या तोंडाशी थांबला, आत गेला. तिचा चेहरा क्षणभर असा झाला की ताई आणि मी एकमेकींकडे पाहून हसलो. मग तिने हात बाहेर काढला. पुन्हा आत घातला. पुन्हा बाहेर. माझ्याकडे पाहिलं. "ब, ब."

"खिशात काहीतरी असायचं त्यांच्या," ताई म्हणाल्या. "आठवा."

मला आठवेना. तीस वर्षं त्या खिशात काय होतं हे मला माहीत नव्हतं, आणि ते शोधायला सात सदरे होते, ते मी देऊन टाकले होते. मी एकेक वस्तू खिशात ठेवत गेले. रुमाल. घराची किल्ली. कागदाच्या घड्या बसवायची तिची हाडाची पट्टी, कारखान्यातून घरी आणलेली. माझा शाळेतला फोटो. आई प्रत्येक वस्तू बाहेर काढायची, नीट बघायची आणि पांघरुणावर ठेवायची. हाडाची पट्टी तिने जरा वेळ धरली, मग तीही ठेवली. पांघरुणावर ओळ लागली. संध्याकाळी मी ती उचलायची आणि सकाळी नवं काही शोधायची. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी तिने खिशात हात घालायचंच सोडून दिलं. मग थोपटणंही थांबलं. ताई म्हणाल्या, "शांत झाल्या." मला ते शांत होणं वाटलं नाही. माझ्याकडून अपेक्षा करणं तिने थांबवलं होतं.

मास्तर आले ते त्यानंतर. बरेच महिने लेकाकडे होते, परतल्यावर कळलं म्हणून काठी टेकत आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय बायंडरबाई, नवी फॅशन? मला सोडून दुसरा शिंपी केला वाटतं."

आई अर्ध्या तोंडाने हसली. आजारपणात ती हसलेली मी दोनदाच पाहिली, त्यातली ही एक. आणि तिचा डावा हात हळूच उशीखाली गेला. मी सवयीने तो बाहेर काढायला वाकले.

"राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांनी हाताकडे पाहिलंही नव्हतं.

मी चहा करायला गेले तेव्हा ते मागे स्वयंपाकघराच्या दारात आले. खुर्चीवर वाळत घातलेला डाळिंबी गाऊन त्यांनी उचलला.

"हा खिसा कुणी शिवला?"

"मी."

"याला खिसा नाही म्हणत, बाळ. यात तिकीट राहील. हात कसा राहणार?" त्यांनी स्वतःचा हात घालून दाखवला. बोटांच्या मुळाशी तो अडला. "बाईंचं माप माझ्या वहीत आहे. मनगटापर्यंत. आत कप्पा नाही, बटण नाही. हात गेला की वर फक्त मनगट दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. बाकी सदरा कसाही शिवा म्हणायच्या, रंग कुठलाही घ्या."

"पण त्यात काय ठेवायची ती?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करतेय की काय, हे आधी त्यांनी पाहून घेतलं.

"हात," ते म्हणाले.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि फडक्याने ओटा पुसू लागले.

"पहिला सदरा शिवला तो तुझ्या शाळेच्या कार्यक्रमासाठी," ते म्हणाले. "लेकीच्या मैत्रिणी असतील, त्यांच्या आया असतील, असं म्हणाल्या. तोवर बाई आपल्या साध्या फुलाफुलांचे झगे घालायच्या. चांगले दिसायचे त्यांना. झग्याला एवढा खोल खिसा नीट बसत नाही, ओढला जातो. म्हणून मग सदरा."

"मी काही म्हणाले होते का?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

मला आठवत नाही. मी सात वर्षांची होते. त्या कार्यक्रमाचं मला फक्त एवढं आठवतं की आई शेवटच्या रांगेत उभी होती आणि तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. मी काही म्हणाले असेन. नसेनही. सांगू शकणारी एकटीच होती, आणि ती बाहेरच्या खोलीत उशीखाली हात ठेवून पडली होती.

मी बाहेर जाऊन तिच्याजवळ बसले. "आई, हात लपवायचा होता का तुला?" असं विचारलं. तिने मान हलवली. मग मी विचारलं, "नव्हता ना लपवायचा?" तिने तशीच मान हलवली.

मास्तर तीन गाऊन घेऊन गेले. म्हणाले, गुरुवारी आणतो, डोळे आता पूर्वीसारखे चालत नाहीत. व्यायामाच्या बाईंना मी सांगितलं की हात कुणाला दाखवायचा नाही. "अहो, पण त्याने उमेद येते," त्या म्हणाल्या. ताईंना सांगितलं, हात पांघरुणाखाली असू दे. ताईंनी पांघरूण ओढून हात झाकला. मग म्हणाल्या, "मीच रोज बाहेर काढत होते."

बुधवारी सकाळी आईला दुसरा झटका आला.

दवाखान्यात त्यांनी त्यांचा झगा घातला, पाठीमागे नाड्या असलेला, खिसा नसलेला. सलाइनसाठी शीर फक्त डाव्या हाताला सापडली. हात फळीवर ताणून, तळवा वर करून पट्ट्यांनी बांधला होता, पलंगाच्या कडेला, येणाजाणाऱ्यांच्या वाटेवर. मी त्यावर टॉवेल टाकला. सिस्टरनी काढला. मी पुन्हा टाकला.

"मॅडम, सुई दिसली पाहिजे मला. हात सुजला तर कळणार कसं?"

"बोटांवर तरी राहू दे."

"बोटंच बघायची असतात," त्या म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, त्यांचं काम होतं. मग मी पलंग आणि वाट यांच्या मधे उभी राहिले. डॉक्टर आले की बाजूला व्हावं लागे, झाडणाऱ्या बाई आल्या की बाजूला व्हावं लागे, भेटायची वेळ संपली की बाहेरच जावं लागे. दाराच्या काचेतून फक्त तो हात दिसायचा.

ती शुक्रवारी दुपारी गेली.

गुरुवारी मास्तर ठरल्याप्रमाणे गाऊन घरी देऊन गेले होते. ताईंनी इस्त्री करून ठेवले होते. मी पिवळ्या फुलांचा घेतला. आम्ही दोघींनी तिला तो घातला. मावशीने दोन्ही हात छातीवर घेतले, उजवा खाली, डावा वर, तसे ठेवतात म्हणून. मी डावा उचलून खिशात घातला. अडेल असं वाटलं होतं. अडला नाही. मनगटापर्यंत गेला.

"हे काय गं?" मावशी म्हणाली. "लोक काय म्हणतील? जाताना तरी नीट दिसू दे की तिला."

"राहू दे, मावशी."

"अगं, पण..."

"तिला आवडायचं तसं."

मावशी रडायला लागली आणि तो विषय राहिला. मग माणसं येत गेली. कारखान्यातल्या तिच्या जुन्या सोबतिणी आल्या. त्यातली एक पायाशी थांबली, तिने डोळे पुसले आणि तिला हसू आलं. "बघा," ती शेजारणीला म्हणाली, "आत्तासुद्धा ऐट सोडली नाही."

माझ्याकडे वळून तिने विचारलं, "अशीच चालायची ना गं ती?"

मी हो म्हणाले.